तीन वाजताचा बीप आणि एकलहऱ्याची बॅटरी रूम

जानेवारीतल्या एका रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी, न्यू जर्सीतल्या आमच्या घरात कुठेतरी बीप वाजू लागला. इथल्या घरांत बोंब मारू शकणारी यंत्रे इतकी असतात की पहिली काही मिनिटे आवाज नेमका कोणाचा, हे शोधण्यातच जातात. छतावरचे धूर ओळखणारे यंत्र बॅटरी संपत आली की साधारण मिनिटाला एकदा टिवटिवते, म्हणून मी आधी खुर्चीवर चढून त्यालाच कान लावला. आवाज मात्र मुख्य दाराशेजारच्या कीपॅडमधून येत होता आणि त्यावर ‘सिस्टिम लो बॅटरी’ अशी अक्षरे चमकत होती.

घरफोडीच्या अलार्मची ही व्यवस्था आपल्याकडे अजून घरोघरी नसल्याने थोडे सांगतो. दारे-खिडक्यांना सेन्सर असतात आणि कोणी आत शिरले तर कंपनीच्या नियंत्रण कक्षाला संदेश जातो. कीपॅड हा तिचा केवळ दर्शनी भाग. खरे यंत्र तळघरात किंवा एखाद्या कपाटात बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत असते, प्लगमध्ये खोचलेला छोटा ट्रान्सफॉर्मर त्याला १६.५ व्होल्टचा पुरवठा करतो, आणि वीज गेली तरी काही तास काम चालावे म्हणून त्याच पेटीच्या तळाशी १२ व्होल्टची बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी ठेवलेली असते.

गुप्त क्रमांक टाकून मी आवाज बंद केला, पण हा बीप काही तासांनी परत येतो हे ठाऊक होते. कंपनीने तंत्रज्ञ चार दिवसांनी येईल आणि भेटीचे पैसे वेगळे पडतील, असे शांतपणे सांगितले. नाशिकमध्ये तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजत आले होते, म्हणून मी जेल रोडवरच्या घरी व्हिडिओ कॉल लावला.

“अण्णा, झोपला होतात का?”

“नाही रे, आत्ताच हात धुतले. तिकडे मध्यरात्र असेल ना?”

अण्णांची नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात झाली, आणि त्यातली बरीच वर्षे बॅटरी रूममध्ये गेली. वीज तयार करणाऱ्या केंद्रालाही स्वतःची बॅटरी लागते, याचे मला लहानपणी हसू यायचे. पण केंद्राचाच पुरवठा गेला तर ब्रेकर, संरक्षण यंत्रणा आणि टर्बाइनच्या बेअरिंगला तेल देणारा आणीबाणीचा पंप त्या २२० व्होल्ट डीसीवरच चालतात. अशा माणसाला मी सांगितले की बॅटरी संपली आहे, उद्या नवी आणतो.

“संपली हे कळलं. ती चार्ज का होत नव्हती, ते आधी बघ. आणि त्या कीपॅडवर विजेचा दिवा असेल, तो लागलाय का?”

दिवा होता आणि तो विझलेला होता. घरात सगळीकडे वीज असताना केवळ या यंत्राला ती मिळत नव्हती, आणि मी अक्षरे वाचण्याच्या नादात ते पाहिलेच नव्हते. नुसती नवी बॅटरी बसवली असती, तर तीही दुसऱ्या दिवशी तशीच रिकामी झाली असती.

गेल्या भेटीत अण्णांनी माझ्या बॅगेत कोंबलेला मल्टिमीटर घेऊन मी तळघरात उतरलो. बॅटरीवर पेनाने २०१७ असे लिहिलेले होते. या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षे टिकतात. मीटरने १०.४ व्होल्ट दाखवले, चांगली बॅटरी १२.६ च्या वर असते. ट्रान्सफॉर्मर मात्र तिथे नव्हता. त्याची वायर भिंतीतून गॅरेजमध्ये गेली होती आणि कोणी चुकून उपटू नये म्हणून तो तिथल्या प्लगला स्क्रूने आवळलेला होता. त्या प्लगलाच विजेची गळती ओळखणारे बटण असते. आपल्याकडच्या घरांतले असे संरक्षण बहुधा ३० मिलिॲम्पिअरला तुटते, हे मात्र पाचच्या आसपासच उडते. रीसेटचे बटण दाबले, ते पुन्हा उडाले.

“म्हणजे त्याच लाइनवर कुठेतरी ओल आहे. पुढे अजून काय काय जोडलंय?”

गॅरेजमागून बाहेरच्या पोर्चमध्ये एक प्लग होता आणि त्याला आमचा आकाशकंदील लावलेला होता. शेजाऱ्यांचे नाताळचे दिवे अजून लागलेले, म्हणून आम्हीही तो ठेवला होता. संध्याकाळी पडलेला बर्फ वितळून त्याच्या वायरच्या जोडात शिरला होता. कंदिलाचा प्लग काढताच रीसेटचे बटण टिकले, कीपॅडवर हिरवा दिवा लागला आणि बॅटरीच्या टोकांवरचा आकडा हळूहळू वर चढू लागला.

बॅटरी मी तरीही बदलली. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची ती बॅटरी पंचवीसेक डॉलरना मिळाली. पेटी उघडण्यापूर्वी कंपनीला फोन करून यंत्र चाचणीवर ठेवायला सांगितले, लाल वायर लाल टोकाला आणि काळी काळ्याला लावली. संदेश दुसऱ्या दिवसापर्यंत पडद्यावर राहिला, कारण यंत्र बॅटरीची तपासणी स्वतःच्या वेळापत्रकाने करते.

अण्णांनी कंदिलाची गोष्ट आईला सांगितली असावी. संध्याकाळी तिचा फोन आला, आणि अलार्मबद्दल एक शब्दही न विचारता तिने जाणून घेतले की त्रिपुरी पौर्णिमेला उतरवायचा कंदील जानेवारीत बाहेर कसा काय होता.