नामंजूर अर्जावरची सही

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्रावर पत्रा दाबून भाग काढतात तिथे, मी माणसांचं बघतो: हजेरी, पाळ्या, रजा. २०२२च्या जूनमध्ये दुसऱ्या पाळीत एवढे खाडे पडायला लागले की प्रेस रिकाम्या राहायच्या. मग पहिल्या पाळीच्या लोकांना थांबवायचं, दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यायचा, आणि दमलेला माणूस दोन दिवसांनी स्वतःच गैरहजर.

हजेरी बक्षीस वाढवलं. ते आधीपासून रोज येणाऱ्यांनाच मिळालं. नोटिसा काढल्या, त्याने नुसती तोंडं पडली.

शेवटी मागचं हजेरीपत्रक काढून प्रत्येक नावापुढे गाव लिहिलं. बीड, लातूर, नांदेड. घरी कोरडवाहू रान, पाऊस पडला की पेरणी. एका जुन्या सेटरला, म्हणजे प्रेसमधले डाय (साचे) बदलून बसवणाऱ्याला, विचारलं, ‘‘दादा, रजा शिल्लक होती, मग अर्ज का नाही दिला?’’ म्हणाला, ‘‘साहेब, गेल्या साली दिला होता. नामंजूर झाला. न सांगता गेलं तर पगार जातो, पण पेरणी तरी होते.’’ अर्ज शोधला. नामंजुरीखाली सही माझीच होती.

तेव्हाच्या कारखाने कायद्यात वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती, अर्ज पंधरा दिवस आधी. पण पाऊस काही पंधरा दिवस आधी कळवत नाही. म्हणून ठरवलं: मे महिन्यातच पेरणीची, वारीची नावं घ्यायची, नक्की तारीख फोनवर. एका लाइनवरून एका वेळी दोघंच. आधी कोण, ते त्यांनी आपसात ठरवायचं.

खरी अडचण पुढेच होती. डाय बदलणारे तिघंच. त्यातला एक गेला की लाइन अडकायची. सहा ऑपरेटरांना सेटिंग शिकवलं, सेफ्टी ब्लॉक (प्रेस खाली येऊ नये म्हणून मध्ये ठेवायचा ठोकळा) लावल्याशिवाय डायमध्ये हात घालायचा नाही इथपासून. सुपरवायझर कुरकुरत होते, कारण शिकवण्यात रोजचं उत्पादन घटत होतं. मला ते घटू देणंच योग्य वाटलं, आजही वाटतं.

२०२३ला पाऊस जूनच्या शेवटापर्यंत लांबला, आषाढी २९ जूनला. पेरणी आणि वारी एकदम आली. वाटलं, संपलं. पण माणसांनी आपसात दिवस बदलून घेतले, आणि तो सेटर शेतातून फोन करून नव्या पोराला डायची उंची सांगत होता.

कंत्राटी मुलं मात्र अजून या यादीत नाहीत. ठेकेदाराशी त्यावरच बोलणं चालू आहे.