हुकूम चालत नाही तिथले पुढारपण

एका कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या ११ पाणीवापर संस्थांच्या संघात मी काही वर्षे सचिव होतो. प्रत्येक संस्थेची निवडणूक वेगळी, हिशेब वेगळा, आणि धरणाचे दरवाजे पाटबंधारे खात्याच्या हाती. त्यामुळे संघाच्या पत्राला विनंतीपलीकडे किंमत नव्हती, हे मला पहिल्या रब्बीत कळले. मी आवर्तनाचे, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीचे, वेळापत्रक करून सर्व अध्यक्षांना व्हॉट्सॲपवर धाडले आणि खाली ‘अंमलबजावणी करावी’ असे लिहिले. वरच्या चाऱ्या (कालव्याचे फाटे) तुडुंब वाहिल्या आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडच्या, गावातला हरभरा ताणावर गेला.

आमचे अध्यक्ष अण्णा पूर्वी वाघाड पाहून आले होते. दिंडोरी तालुक्यातील या धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी संस्था उभ्या करायला घेतल्या, त्या कालव्याच्या शेपटाकडून. आणि पाणी एकरावर न देता मोजून देण्याची पद्धत रुजवली. अण्णांनी तिथून नेमके एवढेच उचलले. पुढच्या आवर्तनाआधी ते मोटारसायकलवरून अकराही अध्यक्षांच्या घरी जाऊन आले, सुरुवात टेलपासून केली, आणि बैठकीत वरच्या गावांना मुद्दाम शेवटी बोलायला लावले. (मला हे तेव्हा वेळ घालवणे वाटले होते.) ठराव एकच झाला : चारीच्या तोंडाशी पाणी मोजण्याच्या पट्टीवरचा आकडा घेताना देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही संस्थांचा माणूस हजर असावा आणि एकाच वहीत दोघांनी सही करावी.

त्या वहीची पाने चिखलाच्या बोटांनी तपकिरी झाली. भांडणे थांबली नाहीत. मात्र ‘तुम्ही पाणी चोरता’ याच्या जागी ‘मंगळवारचा आकडा दाखवा’ असे शब्द ऐकू येऊ लागले, आणि शाखा अभियंत्यासमोरही तीच वही उघडली जाऊ लागली. वाटपात वाढ मिळाली की अण्णा ते श्रेय त्या त्या गावाच्या अध्यक्षाला देत.

सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५च्या राज्याच्या कायद्याने पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना समान जागा दिल्या, हे योग्यच झाले. तरी पुच्छाच्या संचालकाला बैठकीच्या आदल्या रात्री फोन करणे कोणत्याही कलमात बसत नाही.

अण्णांची मुदत संपल्यावर नव्या अध्यक्षांनी पहिली बैठक टेलच्या गावातल्या मारुतीच्या देवळात ठेवली. वरच्या गावांचे दोघे तासभर उशिरा आले, पण आले.