फक्त बघायला आलोय

दुकानात शिरायचं, सगळं बघायचं आणि काहीही न घेता ताठ मानेनं बाहेर पडायचं, हे आपल्याला कधी नीट जमलंच नाही. दादरला किंवा पुण्यात लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात पाय टाकायचा अवकाश, "या वहिनी, बसा. काय दाखवू?" गादीवर टेकलं आणि पाण्याचा ग्लास हातात आला की निम्मा सौदा झालाच. मग तो माणूस एकेक घडी मोडत जातो, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवतो, आणि समोर साड्यांचा असा ढीग होतो की पलीकडचा आरसा दिसेनासा होतो. त्या ढिगासमोरून "जरा पुढे बघून येतो" म्हणत उठायला काळीज लागतं. माझ्या आईला ते नव्हतं. निव्वळ भिडेखातर घेतलेल्या तिच्या काही साड्या अजून कपाटात आहेत, घडीही न मोडलेल्या.

म्हणून मॉलनं या शहराला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी एसी म्हणणार नाही, ब्रँड म्हणणार नाही. 'फक्त बघतोय' म्हणायची मोकळीक दिली. कुणी बसवत नाही, पाणी विचारत नाही, घडी मोडत नाही. आणि गंमत म्हणजे ही मोकळीक ज्यानं मुंबईत पहिल्यांदा दिली, तोच तिला सगळ्यात आधी घाबरला.

1999 साली हाजी अलीजवळ, ताडदेवच्या बाजूला 'क्रॉसरोड्स' उघडला. जागा मूळची रोश या औषध कंपनीच्या कारखान्याची. पिरामल समूहानं ती कंपनी विकत घेतली तेव्हा जमीनही आली, आणि गोळ्या-औषधांच्या जागी काचेची दारं, सरकते जिने आणि परदेशी नावांची दुकानं उभी राहिली. देशातला पहिला मॉल कोणता यावर वाद आहे. चेन्नईची माणसं स्पेन्सर प्लाझाचं नाव घेतात, त्याच सुमारास दिल्लीत अन्सल प्लाझा निघाला. त्यांचं त्यांनी बघावं. मुंबईपुरता पहिला मान क्रॉसरोड्सचा, यात शंका नको.

आणि मुंबई आली. पण खरेदीला नव्हे, बघायला. हाजी अलीच्या दर्ग्याला आलेले, महालक्ष्मीचं दर्शन उरकून खाली उतरलेले, राणीची बाग झाल्यावर "आता कुठे?" म्हणणारे, सगळे तिथे. खरं आकर्षण होतं सरकत्या जिन्याचं. त्याच्या तळाशी उभं राहून नुसती माणसं बघत बसावं. एखाद्या मावशी निऱ्या एका मुठीत गोळा करायच्या, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही धरायच्या, पाऊल उचलायच्या आणि पायरी पुढे निघून जायची. पुन्हा पाऊल, पुन्हा पायरी पुढे. मागे रांग खोळंबलेली. नवरा दोन पायऱ्या वर पोचलेला, तो तिथून उलटा उतरू पाहतोय आणि आहे तिथेच चालतोय. शेवटी मागचं कुणीतरी "टाका हो काकू!" म्हणून ओरडायचं आणि मावशी डोळे मिटून एकदाच्या वर जायच्या. वर पोचल्यावर चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते त्या मजल्यावरच्या कुठल्याच दुकानात विकत मिळत नव्हतं.

अडचण नेमकी तीच होती. गर्दी हजारोंची आणि पिशव्या हातात मोजक्यांच्या. मग व्यवस्थापनानं दारावर अट लावली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर 60 रुपये भरा. आज हे थाप वाटेल. पण तेव्हा सबंध देशात मोबाइलधारक वीस लाखांच्या आत होते, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, त्यामुळे ज्याच्या खिशात मोबाइल तो पैसेवाला हे गणित अगदीच खुळं नव्हतं. खुळं होतं ते वेगळंच. जन्मभर रोखीनं व्यवहार केलेला, कुणाचं पाच पैशांचं देणं नसलेला माणूस दारात अडणार आणि कार्डावर उधारी करणारा आत जाणार! हाकेच्या अंतरावर हिरा पन्ना शॉपिंग सेंटर होतंच. परदेशी अत्तरं आणि कॅमेरे विकणाऱ्या तिथल्या गाळ्यांनी कुणाला दारात कार्ड मागितलं नाही, आत शिरल्यावर भावात काय कापायचं ते कापलं. टीका झाली, ओरड झाली, आणि अट मागे घ्यावी लागली.

पुढच्या मॉलवाल्यांनी बरोब्बर उलटा धडा घेतला. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात 2001 साली बिग बझार आला, किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं एका छपराखाली विकणारं दुकान. ही गिरणी 1905 ची. तिच्याही दारात माणसं उभी असायची, पण ती बदली कामगारांची: आज पाळीत कुणी गैरहजर असेल तर आपला नंबर लागेल, या आशेवर. 1982 च्या संपानंतर गिरणगावातली ही दारं एकेक करून बंद होत गेली आणि इथलं भलत्याच कामासाठी उघडलं. गिरणीची धुराची चिमणी तेवढी ठेवली आहे, मागे. तिच्यासमोर लोक सेल्फी काढतात. मला त्याचा राग येत नाही. चिमणी पाडून टॉवर बांधणाऱ्यांपेक्षा हे बरं.

तर बिग बझार. ते काढणाऱ्या किशोर बियाणींना एक कळलं होतं, की चकचकीत मोकळ्या दुकानात आपला माणूस बुजतो. गर्दी दिसली, डाळ-तांदळाचे ढीग दिसले की त्याला स्वस्त वाटतं. म्हणून त्यांनी थोडा गोंधळ मुद्दाम ठेवला. 26 जानेवारी 2006 ला 'सबसे सस्ता दिन' काढला, तेव्हा इतकी झुंबड उडाली की दुकानं बंद करायची पाळी आली. आणि पुढे क्रॉसरोड्स कुणाच्या हाती गेला? याच बियाणींच्या फ्यूचर ग्रुपच्या. गर्दीला तिकीट लावणारा मॉल गर्दीवर मोठ्या झालेल्या माणसाकडे आला, 'सोबो सेंट्रल' असं नवं नाव घेऊन.

तोवर बघणाऱ्याची किंमत सगळ्यांनाच कळली होती. मॉलची रचनाच त्याच्यासाठी असते. सिनेमाची थिएटरं आणि फूड कोर्ट वरच्या मजल्यावर, कारण भुकेला माणूस सगळी दुकानं ओलांडून वर जातो आणि पोट भरल्यावर सगळी दुकानं ओलांडून खाली येतो. पुष्कळ ठिकाणी वर जाणारा जिना एका टोकाला आणि पुढच्या मजल्याचा दुसऱ्या टोकाला. मधली चाल आपल्याकडून फुकट करून घेतात. मोठ्या दुकानाला भाडं कमी, कारण माणसं ते खेचून आणतं. त्या माणसांच्या जिवावर शेजारच्या छोट्यांकडून जास्त. दारावर माणसं मोजणारं यंत्र असतं. आपण काही घेतलं नाही तरी आपलं डोकं त्यांच्या हिशेबात जमा होतं. साठ रुपये वसूल करायची रीतही सापडली आहेच: तळघरातलं पार्किंग आणि वरचं पॉपकॉर्न.

हाजी अलीच्या त्या इमारतीला मात्र हे शहाणपण फळलं नाही. गिरणीच्या जागेतला फिनिक्स मॉल वाढत गेला, 2009 मध्ये शेजारी पॅलेडियम हा आणखी एक मॉल आला, आणि हाजी अलीचा छोटा मॉल ओस पडत गेला. करोनानं उरलंसुरलं नेलं. फ्यूचर ग्रुप स्वतःच कर्जात बुडाला आणि बिग बझारसुद्धा गेला. ज्या मॉलला एके काळी माणसं नकोशी झाली होती, तिथल्या जिन्यावर उभं राहायला शेवटी शेवटी कुणी नव्हतं.

आता दारावर अट नाही. सुरक्षारक्षक पर्स उघडायला लावतो, आत एक छोटी काठी घालून ढवळतो, डबा, छत्री आणि चुरगळलेली बिलं पाहून समाधानानं "जा" म्हणतो. त्या काठीला नेमकं काय सापडायचं असतं, देव जाणे.

मात्र बघणाऱ्यांची भीती पुन्हा सुरू झाली आहे, दारात नव्हे तर ट्रायल रूमपाशी. परवा भाचीबरोबर गेले होते. तिनं कुर्ता घालून बघितला, माप बरोबर बसलं, मग बाहेर येऊन शांतपणे लेबलाचा फोटो काढला. मोबाइलवर तोच कुर्ता कुठे चारशे रुपयांनी स्वस्त आहे ते शोधायला. मी ओशाळले, सवयीनं नजर चपलांकडे गेली. काउंटरवरची मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, हा रंग ऑनलाइनला नाहीये. मी बघितलंय."