तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द कोणाचे, चाल कोणाची?

कार्यक्रम संपल्यावर बँजो पेटीत ठेवत असते, तेवढ्यात कुणीतरी मराठी माणूस जवळ येतो. "शब्द तुमचे की त्यांचे?" त्यांचे म्हणजे माझ्या नवऱ्याचे, आम्ही दोघं मिळून गातो-वाजवतो. मग चाल कोणाची. आणि अलीकडे हमखास तिसरा प्रश्न: "बाबांवरचं ते गाणं मात्र तुम्हीच लिहिलंय ना?"

मी "दोघांचं" म्हणते आणि विषय संपवते. ते खोटं नाही. पण ते म्हणताना दर वेळी काहीतरी गिळावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

हा प्रश्न इथले अमेरिकन लोक फारसा विचारत नाहीत. आपण आकाशवाणीवर वाढलेली माणसं. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमका, हे कानावर पडल्याशिवाय आपल्याकडे गाणं सुरू होत नसे. मिरजेच्या घरात बाबा ती नावं ऐकायला हातातलं काम थांबवायचे. आम्ही वाजवतो त्या ओल्ड-टाइममध्ये, म्हणजे इथल्या डोंगरांतल्या जुन्या लोकसंगीतात, तसं नसतं. फिडल आणि बँजो एकच धून एकत्र वाजवत राहतात, त्यातूनच पुढे निघालेल्या ब्लूग्रासमध्ये एकेक जण पुढे येऊन वाजवतो तसं कुणी पुढे येत नाही. धून कुणाच्या तरी आजोबांकडून आलेली असते आणि त्या आजोबांना ती कुणी दिली ते कुणालाच ठाऊक नसतं. त्या रांगेत नवं गाणं उभं करायचं तर ते आधीपासूनच होतं असं वाटायला हवं. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिला कुणी "ओवी तुमची का?" असं विचारलं नाही.

हे मी पूर्वी मोठ्या अभिमानानं सांगायचे. हल्ली सांगताना अडखळते, कारण नाव पुसलं जातं ते सगळ्यांचं सारखं पुसलं जात नाही. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सच्या आमच्या घरापासून दोनेक तासांवर कार्टर या गाजलेल्या गायक कुटुंबाचं गाव आहे. 1927च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जवळच्या ब्रिस्टल शहरात पहिलं रेकॉर्डिंग केलं. पुढे ए. पी. कार्टर डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करत हिंडले, तेव्हा लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक बरोबर असत. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचे, रिडल चाल डोक्यात साठवून आणायचे. तबकड्यांवर नाव लागलं ते ए. पीं.चं. आणि सारा कार्टर, जिच्या आवाजावर हे सगळं उभं होतं, ती ए. पीं.पासून, म्हणजे नवऱ्यापासून, वेगळी झाल्यावरही 1941पर्यंत त्याच्याबरोबर रेकॉर्डिंग करत राहिली. "दोघांत भांडण झालं तर गाता कसं?" असं विचारणाऱ्यांना मी साराचं नाव सांगते. ती कशी गात असेल ते मला कळतं.

कारण आम्हीही एकदा सहा आठवडे एकत्र वाजवलं नाही.

2021च्या एप्रिलमध्ये बाबा मिरजेला कोविड वॉर्डात होते. आत कुणाला सोडत नव्हते. आई घरी, मी इथे. तिकीट, चाचणीचा रिपोर्ट, सुट्टी यांची जुळवाजुळव होईपर्यंत पाचव्या दिवशी ते गेले. त्यांच्या शेवटच्या रात्रीबद्दल आम्हाला काहीच कळलं नाही. मोबाइल, चष्मा आणि घड्याळ एका पिशवीतून परत आलं, एवढंच.

जूनमध्ये एका सकाळी मी चहा टाकत होते आणि नवरा ओट्याला टेकून गिटारवर काहीतरी गुणगुणत होता. तिसऱ्या कडव्यापाशी मला कळलं की हे बाबा आहेत. त्यात माळ्यावर उलटा टांगलेला तंबोऱ्याचा भोपळा होता, मंगळवेढ्याकडून आणलेला, कधीच तंबोरा न झालेला. ते मी त्याला कधीतरी सांगितलं होतं. आणि शेवटची ओळ, मराठीत सांगायची तर अशी: "रात्रपाळीच्या सिस्टरला त्यांनी विचारलं, माझी पोर आली का घरी?"

मी गॅस बंद केला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. "तू रोज रात्री मला विचारतेस, त्यांनी माझं नाव काढलं असेल का. मी उत्तर लिहिलं."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, माझ्या बापाचं मरण त्यानं चोरलं असं म्हणाले. मला आजही वाटतं की त्यानं आधी विचारायला हवं होतं. पण याच बाईनं, म्हणजे मी, त्याआधी त्याच्या आजोबांवर गाणं केलं होतं. वाइज काउंटीतली कोळशाची खाण, काळी पडलेली फुप्फुसं, रात्रभराचा खोकला, सगळं त्यात घातलं. त्याच्या आईला विचारलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती आणि नंतर तिनं माझा हात दाबला, त्यालाच मी परवानगी समजले.

सहा आठवड्यांनी एका रात्री झोप येईना म्हणून बँजो काढला. तारांच्या ज्या जुळणीला इथे सॉमिल म्हणतात तिच्यात लावला. जी (G) या सुराला षड्ज धरलं तर त्या पाच तारा म्हणजे सा, प, सा, म, प. उघड्या तारांत गंधार कुठेच नाही, त्यामुळे सुख की दुःख हे ठरतच नाही. आखूड पाचवी तार अंगठ्याखाली सतत वाजत राहते. बाबांनी पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा म्हणाले होते, "हे वाद्य षड्ज सोडत नाही, चांगलं आहे." त्याची गोड चाल मी टाकून दिली आणि या तारांवर नवी बांधली. एक कडवं काढलं, एक घातलं. ती ओळ काढायलाच बसले होते. ती राहिली.

तर हिशेब असा: चाल माझी, तीन कडवी त्याची, एक माझं. ज्या ओळीला गॅलॅक्सपासून न्यू जर्सीपर्यंत सगळे गप्प होतात ती त्याची, आणि ती घडलेली नाही. निदान घडली हे कुणाला माहीत नाही. मी ती दर शनिवारी गाते. काही शनिवारी मला वाटतं हा खोटेपणा आहे. काही शनिवारी गाताना मला बाबांचा आवाज ऐकू येतो.

आई मागच्या दिवाळीत गेली, म्हणून पुढचं आता लिहिता येतंय.

मावसभावानं तिला गाण्याचा अर्थ सांगितला होता. तिनं मध्यरात्री फोन केला. "म्हणजे विचारलं होतं त्यांनी तुझ्याबद्दल? तुला कोणी सांगितलं?"

नवरा शेजारी जागा होता. त्याला आता तेवढं मराठी कळतं.

"सिस्टरनं," मी म्हणाले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं बाई. तिचं नाव तरी विचारून ठेवायचंस."