खानापूर ते उगार: ट्रक, दोन ट्रॉल्या आणि हवेचं मशीन

मागच्या हंगामात लोंढा आणि अनमोडच्या मधे, ऐन जंगलात, रात्री साडेअकराला माझ्या सहाचाकी ट्रकच्या मागच्या जोडचाकांतला आतला टायर बसला. गाडी भरलेली. स्टेपनी होती, पण गेज लावला तर तिच्यात जेमतेम ६० पौंड हवा. क्लीनर आणि मी टॉर्च धरून उभे, आणि हवा मारायला जवळ काही नाही. शेवटी गाडी वळवून रांगत रांगत लोंढ्याला आणली. एका टायरवर दोघांचा बोजा पडल्यामुळे शेजारचा बाहेरचा टायरही गेला. एका पंक्चरपायी दोन टायर. त्या रात्रीपासून ठरवलं होतं की गाडीत स्वतःचं हवेचं मशीन पाहिजे, आणि ते खेळण्यातलं नको.

या डिसेंबरात संधी आली. खानापूरहून कौलं आणि विटा भरून उगारकडे जायचं होतं. तिथे मेहुण्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून ऊस ओढतो. त्यालाही मशीन हवं होतं. म्हटलं, बेळगावात घेऊ, वाटेत माझ्या ट्रकवर आणि तिकडे त्याच्या ट्रॉल्यांवर लावून बघू. दोन दिवसांत जे कळलं ते लिहितो, म्हणजे मागून येणाऱ्याचे पैसे आणि टायर दोन्ही वाचतील.

खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सकाळी निघून थेट ऑटोनगर गाठलं. दुकानात पाच-सहा तऱ्हेची मशीनं होती आणि प्रत्येक खोक्यावर १५० पौंड छापलेलं, हातात मावणाऱ्या मशिनवरसुद्धा. मी त्या आकड्यावर जाणार होतो, पण शेजारच्या पंक्चरवाल्या मामांनी अडवलं. म्हणाले, "पौंड बघू नको. लिटर बघ, आणि किती मिनिटं दम धरतंय ते बघ."

मामांचं म्हणणं नीट समजून घ्या, सगळं त्यातच आहे. १५० पौंड म्हणजे मशीन जास्तीत जास्त कुठवर ढकलू शकतं तो दाब. तिथे पोचायला किती वेळ लागेल हे तो आकडा सांगत नाही. माझ्या १०.००-२० मापाच्या टायरच्या पोटात साधारण सव्वाशे लिटर जागा आहे. तो ८० पौंडांवरून ११० वर न्यायचा तर बाहेरची अडीचशे लिटरच्या आसपास हवा आत कोंबावी लागते. पूर्ण बसलेला टायर भरायचा तर नऊशेच्या वर. कारसाठीचं छोटं मशीन चढत्या दाबाला मिनिटाला दहा-पंधरा लिटर देतं. आता हिशेब करा: ३० पौंडांसाठी वीस मिनिटं, तेही मधे तापून बंद पडलं नाही तर.

खोक्यावरचे लिटर असतात ते समोर दाब नसतानाचे. नळी मोकळी सोडून मोजलेले. टायरमध्ये १०० पौंड झाले की तेच मशीन निम्म्यावर येतं. म्हणून दुकानदाराला विचारायचं, "१०० पौंडांवर किती लिटर?" चांगल्या मशिनच्या कागदात दाबानुसार तक्ता दिलेला असतो. तक्ता नसेल तर छापील आकड्याचा निम्मा धरून चाला. सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) लिहिलं असेल तर १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८ लिटर.

दुसरा प्रश्न ड्युटी सायकलचा. १०० पौंडांवर ३० टक्के लिहिलं असेल, तर दहा मिनिटांत तीन मिनिटं चालवायचं आणि सात मिनिटं थांबायचं. सहा चाकं तपासणाऱ्याला ते परवडत नाही. मी दोन सिलिंडरचं, बिनतेलाचं, ५० टक्क्यांचं घेतलं. छापील क्षमता मिनिटाला ७२ लिटर.

एक मशीन दोघांत वापरायचा बेत मात्र तिथेच मोडला. माझा ट्रक २४ व्होल्टचा, मेहुण्याचा ट्रॅक्टर १२ चा. १२ चं मशीन २४ वर लावलं तर जळतं. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरच क्लिपा लावून १२ चं मशीन चालवणारे पाहिलेत, पण त्यात ती एक बॅटरी रोज उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि अशी विजोड जोडी लवकर मरते. मी २४ चं घेतलं. मेहुण्याने फोनवर सांगितलं, "दाजी, माझ्यासाठी साधं छोटंच आणा, ट्रॉलीचा टायर लहान असतोय." ते एका सिलिंडरचं आणलं. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

काही जण म्हणतील, ट्रकला एअर ब्रेक आहेत, टाकीत हवा आहेच, मशीन कशाला? बरोबर आहे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने आधी टाकीवरून घ्यायची नळीच घ्यावी, स्वस्तात काम होतं. माझ्याकडेही ती आहे. पण टाकीचा कट-ऑफ, म्हणजे टाकी भरणं थांबतं तो दाब, साधारण साडेसात-आठ बारला होतो, म्हणजे ११० ते ११५ पौंड. टायरला ११० हवेत. टाकी आणि टायर सारखे व्हायला आले की हवा पुढे सरकतच नाही, इंजिन नुसतं चालत राहतं. शिवाय ती हवा ब्रेकची आहे. उतारावर, चाकाला ओट (अडवायचा ठोकळा) न लावता टाकीतून हवा घ्यायची नाही, हे नव्या क्लीनरला पहिल्या दिवशी सांगा.

बेळगाव सोडलं, काकती मागे पडली, वंटमुरीचा घाट उतरलो आणि हत्तरगी टोलच्या पुढे चहाला थांबलो. नव्या मशिनच्या हौसेने क्लीनरने लगेच गेज लावला. मागचे दोन टायर ११९, १२०. "हवा जास्त झाली, सोडू का?" सोडायची नाही. घाटात ब्रेक तापतात, टायर तापतात, दाब वाढतो. तो काढून टाकला तर पहाटे गार झाल्यावर टायर कमी हवेवर उभा असतो. हवा गार टायरची मोजायची. दहा अंश गारवा पडला तर ११० पौंडांच्या टायरला चारेक पौंड उतरतात. डिसेंबरात पहाटे आपल्याकडे किती गार पडतं ते तुम्ही जाणताच.

मुक्काम संकेश्वरला केला. सकाळी सहाला, ऊन यायच्या आत, सगळी चाकं मोजली. मागचा डावा बाहेरचा ९२ वर होता. मशिनच्या क्लिपा बॅटरीला, इंजिन चालू ठेवून थोडी रेस, आणि घड्याळ लावलं. ९२ ते ११० ला बरोबर पाच मिनिटं लागली. गणित केलं तर मिनिटाला तीस-एकतीस लिटर पडले, छापील ७२ च्या निम्म्याहूनही कमी. मामा खरे ठरले. तरी मी समाधानी होतो, कारण पाच मिनिटांत १८ पौंड म्हणजे रस्त्याकडेला कामाचं आहे.

आतल्या टायरला मात्र साधं नोझल पोचेना. बाहेरच्या चाकाच्या डिशच्या (मधल्या लोखंडी चकतीच्या) भोकातून हात घालून व्हॉल्व्ह सापडतो, पण तो खोलवर. याला दुतोंडी, लांब दांड्याचं नोझल लागतं. एक तोंड सरळ, दुसरं मागे वळलेलं. ते मशिनसोबत येत नाही, वेगळं घ्यायचं. मी संकेश्वरात घेतलं. याच कंटाळ्याने आतला टायर कोणी तपासत नाही आणि मग तोच बसतो. जोडीतल्या एकाला ९० आणि दुसऱ्याला ११० असले की जास्त हवेचा टायर बोजा ओढतो आणि कमी हवेचा घासत जातो. २०१८ साली दोन आसांच्या ट्रकची मालासकट एकूण वजनाची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली. मागच्या आसावर ११.५ टन आले, म्हणजे एका टायरवर पावणेतीन टनांहून जास्त. इतक्या वजनाला हवेची ढिलाई चालत नाही. तेव्हा हातोडी मारून आवाज ऐकू नका, गेज लावा. आणि मशिनवरच्या गेजवर विसंबू नका. माझा सहा पौंड जास्त दाखवत होता. १६० पौंडांपर्यंतचा वेगळा गेज खिशात ठेवा.

संकेश्वर, चिकोडी, मग कुडची. इकडची लाल माती संपून काळी सुरू होते आणि हंगामात रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला असतो. पंक्चरची दुकानं कारखान्यांच्या आसपास भरपूर, पण आडवाटेला कमी, आणि रात्री तर फडातल्या माणसाला कोणी भेटत नाही. कुडचीपासून पुढे दुकानात मराठी चालतंच, पण पाटीवर कानडीत 'गाळी' लिहिलेलं असतं. गाळी म्हणजे हवा. "गाळी हाक्री" म्हटलं की पोरगा हसून नळी घेऊन येतो. कुडची आणि उगारच्या मधला कृष्णेवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, त्या दिवसांत निघण्याआधी चौकशी करा. आम्हाला डिसेंबरात अडचण आली नाही.

माल उतरवून मेहुण्याच्या फडावर गेलो. ट्रॉल्या भरून तयार होत्या. दोन ट्रॉल्या, आठ टायर, सगळे ७.५०-१६. ट्रॅक्टरच्या बॅटरीला छोटं मशीन लावलं. पहिला टायर ४५ वरून ७० वर न्यायचा होता. आठव्या मिनिटाला ६२ वर असताना मशीन आपोआप बंद पडलं. नळीचं पितळी तोंड इतकं तापलेलं की क्लीनरने फडक्याने धरून काढलं. अर्धा तास थांबून पुन्हा लावलं. आठ टायरांना रात्र गेली असती. मेहुण्याने स्वतःच म्हटलं, "हे मोटरसायकलला ठेवतो, दाजी. तुमच्यासारखंच, १२ चं आणून द्या." टायर लहान असला तरी ते आठ आहेत, हे दोघांच्याही आधी ध्यानात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तिथेच कळली. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून मागच्या ट्रॉलीच्या शेवटच्या चाकापर्यंत पंधरा मीटरच्या वर अंतर. मेहुणा वायरीला जोड देऊन मशीन मागे न्यायला निघाला होता. तसं करू नका. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर ओढून ओढून तापते. मशीन बॅटरीजवळच ठेवायचं आणि हवेची नळी लांब घ्यायची. नळी रबराची, जाळी घातलेली. पातळ गुंडाळी नळी तापली की सांध्यापाशी फुगते. क्लिपेच्या वायरीत बॅटरीजवळ फ्यूज पाहिजेच. मोठं मशीन सिगारेट लायटरच्या सॉकेटला कधी लावायचं नाही, त्याचा फ्यूज १५-२० अँपिअरचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या ट्रॉलीचा एक टायर पूर्ण बसलेला होता. सरीतून भरल्या ट्रॉलीने तसाच ओढत बांधावर आणलेला. अंधार पडत होता, कारखान्यावर नंबर लागायचा होता. मेहुणा म्हणाला, "भरा की दाजी, मशीन हाय की आता." मी टॉर्च मारला. टायरच्या बगलेवर बोटभर रुंद काळसर पट्टा गोल फिरलेला, रबर चुरगळलेलं, हात लावला तर भुकटी बोटाला आली. आणि डिश रिंगची होती, म्हणजे टायर वेगळ्या लोखंडी कडीने (लॉक रिंगने) अडकवलेला. मी म्हटलं, "हा भरायचा नाही."

बसलेल्या अवस्थेत बोजाखाली चाललेल्या टायरचे आतले धागे तुटलेले असतात, रेडियल असेल तर बगलेतल्या तारा. बाहेरून टायर धड दिसतो. हवा चढत जाते, आणि मग बगल एका क्षणात चेन उघडावी तशी फाटते. रिंगच्या डिशला तर लॉक रिंग उडते. ती समोरच्या माणसाला जिवंत सोडत नाही. म्हणून पूर्ण बसलेला किंवा बराच वेळ निम्म्या हवेवर चाललेला टायर रस्त्यावर भरायचा नाही, मशीन कितीही चांगलं असो. काढून पंक्चरवाल्याकडे न्यायचा, त्याने उघडून बघायचा, आणि जाळीत ठेवूनच हवा मारायची. आम्ही स्टेपनी लावली. दुसऱ्या दिवशी दुकानात टायर उघडला तेव्हा आत धाग्यांचा गुंता सुटून पडला होता. मेहुण्याने तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

हवा भरताना नोझल चिमट्याचं घ्या, व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारं. तिथून दोन-तीन मीटर नळी सोडून मधे गेज आणि खटका असला की टायरच्या बगलेसमोर बसावं लागत नाही. बगलेसमोरून बाजूला होऊन, चाक धावतं त्या रेषेत उभं राहायचं. आमच्याकडे सगळेच टायरच्या बगलेपुढे उकिडवे बसून एका हाताने नोझल दाबून धरतात. ती सवय मोडा, पोरांची तर नक्कीच मोडा.

मशीन फडात वापरलं की हवेचा फिल्टर त्याच रात्री झटकायचा. उसाच्या पाचटाची भुकटी आणि काळी धूळ त्यात गच्च बसते. जमिनीवर न ठेवता पोत्यावर किंवा फळीवर ठेवलं तर निम्मी धूळ टळते.

परतीला पुन्हा संकेश्वरला पहाटे गेज लावला. मागचा आतला १०८, बाकी सगळे ११०. दुतोंडी नोझलने दोन पौंड भरले, मिनिटभरही लागलं नाही. मग स्टेपनी मोजली, तीही ११०. घाट चढायला लागलो.