जेमी कलम, डबलबारी आणि पेटीवाल्याचा डावा हात

सध्या माझ्या फोनवर जेमी कलम सोडून दुसरं काही वाजत नाहीये. घरचे वैतागलेत, आमच्या भजन मंडळाच्या बुवांनी तर एकदा ऐकून विचारलं, "ह्यां काय रे, वाजवता की फोडता?" प्रश्न तसा चुकीचा नाही, कारण हा माणूस पियानोच्या पट्ट्यांवर जेवढं वाजवतो तेवढंच पियानोच्या लाकडावरही वाजवतो, मधेच उठून पियानोवर चढतो आणि खाली उडी मारतो. २००९ च्या त्याच्या 'द परस्यूट' अल्बमच्या कव्हरवर तर पियानोचा चक्क स्फोट झालेला दाखवलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा इंग्लंडचा जॅझ पियानोवाला, १९७९ चा जन्म, स्वतः गाणी लिहितो आणि स्वतःच गातो. १९९९ ला कॉलेजात असताना ४८० पाउंडात पहिला अल्बम काढला, कॉप्या फक्त ५००. मग २००३ ला 'ट्वेंटीसमथिंग' आला आणि जॅझच्या हिशेबात प्रचंड खपला. त्या एका अल्बममध्ये ब्रॉडवेच्या जुन्या नाटकातलं गाणं आहे, रॉक गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचं आहे, रॉक गायक जेफ बकलीचं आहे आणि शेजारीच ह्याची स्वतःची गाणी, आणि ऐकताना कुठे ठिगळ जाणवत नाही. पुढे २००९ ला त्याने रिहानाचं डान्सचं गाणं घेतलं, म्हणजे जे डीजेवर धाड धाड वाजतं ते, आणि संथ, एकट्या पियानोवर सुरू केलं. आधी मला वाटलं हे नुसतं गिमिक असणार, पण नाही, त्याला ते गाणं मनापासून आवडलंय हे कळतं. हसण्यासाठी घेतलेलं गाणं आणि आवडून घेतलेलं गाणं यातला फरक पहिल्या चार ओळींतच कळतो.

आता यात आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना धक्का बसायचं खरं तर काही कारण नाही. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर भजनाचा सामना, ज्यांनी रात्रभर बसून ऐकलीय त्यांना माहीत आहे, नवा सिनेमा आला की त्यातली चाल भजनाच्या गजरात यायला फार वेळ लागत नाही. समोरच्या बुवाने एक चाल घेतली की आपला बुवा त्याच्यावर दुसरी चाल चढवतो, पखवाज दुगुनीत जातो, झांजवाला घामाघूम, कोरस ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात गातोय, आणि मांडवातल्या म्हाताऱ्यांना चाल कुठल्या पिक्चरची हे माहीत नसतं आणि पोरांना अभंग कोणाचा ते माहीत नसतं, पण टाळी दोघांची पडते. याला कोणी फ्यूजन म्हणत नाही. बरं, शुद्धतेवरून भांडणारे आपल्याकडेही आहेतच, ते चहाच्या टपरीवर भेटतात.

पण एक मोठा फरक आहे आणि तो मला पेटीवर बसून शोधल्यावर सापडला. आपल्याकडे सा पक्का. पांढरी एक (पेटीची पहिली पांढरी पट्टी) सा म्हणून धरली की सुराची पेटी शेवटपर्यंत तोच सा देत राहणार, चाल कितीही फिरो. कलम आणि एकूणच जॅझवाले उलटं करतात. चाल तीच ठेवतात आणि खालची जमीन सरकवतात.

करून बघा. पांढरी एक सा धरा आणि उजव्या हाताने नुसता ग दाबून ठेवा. आता खाली कोणाला तरी सा ग प नी एकदम वाजवायला सांगा, ग घरी आल्यासारखा वाटतो. मग खाली ध सा ग प, तोच ग जरा उदास होतो. मग म ध सा ग, आता तोच ग अर्धवट लटकलेला, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा. सूर एकच, आपण वरती काहीच केलं नाही. आणि रे म ध सा, मग प नी रे म, मग सा ग प नी, ही तीन पावलं जॅझमध्ये इतक्या वेळा येतात की एकदा कानात बसली की प्रत्येक गाण्यात ऐकू यायला लागतात. साध्या पॉप गाण्याखाली बऱ्याचदा तीन सुरांचे सरळ कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) असतात, कलम त्यात चौथा सूर घालतो, कधी पाचवाही, आणि गाणं मोठं झाल्यासारखं वाटतं. गाणारा बिचारा तेच गातोय.

आणि इथेच पेटीवाल्याची गोची होते. आपला डावा हात भात्याला. हवा भरायची की कॉर्ड धरायचे? पियानोवाल्याचा डावा हात मोकळा असतो, उजवा चालीत असतो तेव्हा डावा खाली आपलं राजकारण करत असतो. मी हे सगळं कीबोर्डवर करून बघतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वापरायचो तोच जुना, पण त्याच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या हलक्या, जोरात मारा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. कलमचं अर्धं गाणं तर त्या जोर-हळू मध्येच आहे. खरा पियानो आमच्या बाजूला बघायला मिळणं कठीण, आणि इथल्या पावसात तो सांभाळणार कोण, पेटीच्याच पट्ट्या आषाढात फुगून बसतात.

लयीच्या बाबतीत मात्र आपण मागे नाही. जॅझवाल्यांचा स्विंग म्हणजे एका मात्रेचे दोन भाग करायचे पण सारखे नाही, पहिला लांब, दुसरा आखूड. चांगला पखवाजवाला भजनी ठेका धरतो तेव्हा त्यात असाच झोल असतो, फक्त आपण त्याला नाव दिलेलं नाही.

आणि जॅझ म्हणजे परकं असंही नाही, गोवा कुठे लांब आहे. मडगावच्या ख्रिस पेरीने ट्रम्पेट घेऊन कोंकणी गाण्यात जॅझ आणला आणि गायिका लॉर्नाने तो असा गायला की आजही सावंतवाडी-बांद्याकडे जुन्या लोकांच्या मोबाइलात ती गाणी निघतात. त्याआधी आल्डोनाचा चिक चॉकलेट, तोही ट्रम्पेटवाला, सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा, १९५१ च्या 'अलबेला'मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे मराठी अण्णा (सी. रामचंद्र), गोंयकार ट्रम्पेट आणि हिंदी सिनेमा. कलमच्या आईवडिलांचं लग्नही झालं नसेल तेव्हा.

सगळंच आवडतं असं मात्र नाही. नंतरच्या काही अल्बममध्ये ड्रम आणि बाकीचा थाट इतका वाढतो की पियानो मागे ढकलला जातो, मग तो इतर कुठल्याही पॉपवाल्यासारखा वाटतो. उड्या मारणं पण मला चाळीशीनंतर बघवत नाही, माझे स्वतःचे गुडघे आठवतात. नोरा जोन्स याच्या अगदी उलट टोकाची, आपल्या रविशंकरांची मुलगी, २००२ चा तिचा पहिला अल्बम इतका शांत की पाऊस जोरात असला तर ऐकूच येत नाही. रात्री ती, दिवसा हा, असं माझं चाललंय.

नवीन कोणी ऐकणार असेल तर 'ट्वेंटीसमथिंग'मधलं 'ऑल अ‍ॅट सी' आधी लावा, त्याचं स्वतःचं गाणं आहे, आणि इयरफोन घालून फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्या. बुवांना मी गवळणीच्या एका ओळीखाली ते म ध सा ग वाजवून दाखवलं, ते म्हणाले बरा वाटता, पण बारीला नको, समोरचो बुवा म्हणात ह्येंची पेटी उतरली. ते पण खरंच. बाय द वे, कुडाळ-सावंतवाडी बाजूला कोणाकडे वेटेड कीजवाला, म्हणजे पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, जुना कीबोर्ड पडून असेल आणि विकायचा असेल तर खाली सांगा, बघायला मी येईन.