तुम्ही विचारलेत म्हणून : जुनी गाडी काढून चिनी घेणार का?

गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न मला निदान पंचवीस जणांनी विचारला असेल. इथे सोलापुरात कंबर तलावाच्या काठी सकाळी फिरायला येणारी मंडळी विचारतात, पुण्याचा मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, आणि शेजारचे गृहस्थ तर विचारतही नाहीत, थेट सांगतात, "अण्णा, ती विजेची छोटी चिनी गाडी घेऊन टाका की ओ!" अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी एकतीस वर्षे हिशेब लिहिले, त्यामुळे माझा निर्णय आकड्यांवर ठरेल अशी लोकांची समजूत आहे. ती फारशी चुकीची नाही, मात्र हिशेबाला बसण्याआधी प्रश्नातील 'चिनी' हा शब्द तपासून घ्यावा लागतो.

आधी जुन्या गाडीविषयी. ती २००९ सालची, ११०० सीसीची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी करून, पाच हजारांचे शुल्क आणि हरित कर भरून मी तिची पुनर्नोंदणी करून घेतली, त्यामुळे कागदोपत्री ती २०२९ पर्यंत धडधाकट आहे. कागद सोडून पाहिले तर चालकाच्या पायाखालचे रबरी मॅट उचलल्यावर मागच्या वर्षीपर्यंत रुपयाएवढ्या भोकातून डांबर दिसत असे. मिस्त्रीने तिथे पत्रा जोडून वेल्डिंग केले आणि वर काळा रंग फासला. एसी एप्रिलपर्यंत थंड हवा देतो, आणि पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की नुसता वारा देतो. मागच्या डाव्या दाराचे हँडल बाहेरून चालत नाही, आतल्या माणसाने उघडावे लागते. ही गाडी बदलली पाहिजे, याबद्दल माझे कोणाशीही दुमत नाही.

आता 'चिनी' या शब्दाकडे येतो. लोक जिला स्वस्त चिनी गाडी म्हणतात, ती बहुतेक मोबाइलवर पाहिलेली असते. जुलै २०२० मध्ये वुलिंग कंपनीने चीनमध्ये हाँगगुआंग मिनी ही विजेवर चालणारी चिमुकली गाडी २८,८०० युआनला आणली, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास तीन लाख रुपयांना. बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीची सीगल २०२३ मध्ये ७३,८०० युआनपासून सुरू झाली आणि तिकडच्या दरयुद्धात २०२५ च्या मे महिन्यात तिची किंमत ५५,८०० युआनपर्यंत खाली आली. हे आकडे ऐकून आपल्या जिभेला पाणी सुटणे स्वाभाविक आहे, परंतु या दोन्ही गाड्या त्या रूपात आणि त्या दरात इथे मिळत नाहीत. पूर्ण बांधून आणलेल्या गाडीवर आपल्याकडे किमान सत्तर टक्के सीमाशुल्क लागते. इथेच कारखाना काढायचा म्हटले तर एप्रिल २०२० पासून सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी सक्तीची आहे. बीवायडीने हैदराबादच्या एका कंपनीबरोबर मांडलेला शंभर कोटी डॉलरचा प्रस्ताव २०२३ मध्ये नाकारला गेला. ग्रेट वॉल या चिनी कंपनीने पुण्याजवळच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर केले होते, पण परवानगीची वाट पाहता पाहता २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला.

राहते ती एमजी कंपनीची कॉमेट ही विजेची छोटी गाडी, आणि शेजारच्या गृहस्थांचा रोख तिच्याकडेच असतो. ती चिनी आहे का, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. एमजी हे नाव इंग्लंडचे. ते २००५ मध्ये नानजिंगच्या कंपनीने घेतले आणि दोन वर्षांनी शांघायच्या सैक या सरकारी कंपनीकडे आले. कॉमेटचा सांगाडा वुलिंगच्या एअर या गाडीचा आहे. ती बांधली जाते गुजरातेत हालोलला, म्हणजे पूर्वी जिथे शेव्हर्ले गाड्या बनत त्याच कारखान्यात, आणि २०२४ पासून कंपनीत जिंदालांच्या जेएसडब्ल्यू समूहाचा ३५ टक्के वाटा आहे. गंमत अशी की याच हालोलमध्ये २०१३ पासून शेव्हर्ले एन्जॉय नावाची मोठी गाडी बनत असे, आणि ती मुळात वुलिंगचीच होती. अमेरिकेचा शिक्का लावून चिनी गाडी आपल्या रस्त्यांवर केव्हाच धावून गेली, आणि आपल्यापैकी किती जणांनी तिच्यातून तुळजापूर गाठले असेल कोण जाणे.

दुसऱ्या टोकाने पाहावे तर पक्क्या स्वदेशी मानल्या जाणाऱ्या गाडीचेही तसेच आहे. टाटा ऑटोकॉम्पने गोशन या चिनी बॅटरी कंपनीशी भागीदारी केलेली असून ती टाटांच्या विजेच्या गाड्यांना बॅटऱ्या पुरवते. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा इथल्या भल्या भल्या वाहन कंपन्यांची झोप उडाली, कारण मोटारीतले लोहचुंबक तिकडून येत होते. तेव्हा देशाभिमानाच्या मुद्द्यावर मला कोणी कॉमेटपासून परावृत्त करू पाहील तर मी त्याला नम्रपणे त्याच्या खिशातील मोबाइल बाहेर काढायला सांगेन.

चिनी माल टिकतो का, हा पुढचा प्रश्न असतो, आणि त्याबाबत माझे मत कारखान्यात बनले आहे. आमच्याकडे यंत्रमाग होते, धोटा खटाखट इकडून तिकडे फेकणारे. पुढे मालकांनी धोट्याशिवाय चालणारे सहा चिनी रेपिअर माग आणले. युरोपातल्या मागाच्या मानाने किंमत निम्म्याहूनही कमी होती आणि मी स्वतः त्यांच्या घसाऱ्याची नोंद ठेवत असल्यामुळे ठामपणे सांगतो की कापड उत्तम निघत होते. लोखंडही खराब नव्हते. तिसऱ्या वर्षी एका मागाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले. आमचा जॉबर भवानी पेठेतला, तेलुगू बोलणारा, तीस वर्षे मागांच्या पोटात हात घालून बसलेला माणूस. जुन्या मागाचा कोणताही भाग मोडला तरी तो संध्याकाळपर्यंत लेथवर नवा करवून आणत असे. त्याने त्या पेटीचे झाकण उघडले, हिरव्या पट्टीकडे पाहिले आणि हात पुसत म्हणाला, "मालक, ह्याला हात लावायचं काम न्हाई आपलं." कार्ड सुरतेहून येईपर्यंत माग एकोणीस दिवस बंद होता. त्या एकोणीस दिवसांची मजुरी आणि हुकलेली ऑर्डर मी वहीत वेगळ्या पानावर मांडली होती. किमतीत वाचलेला पैसा त्या पानावर बराचसा परत गेला होता.

म्हणून गाडीच्या बाबतीत मी यंत्राच्या कुळापेक्षा दुरुस्तीचा पत्ता आधी विचारतो. पुढची काच फुटली तर ती सोलापुरात मिळेल की पुण्याहून येईल, दिव्याची किंमत किती, बॅटरीत बिघाड झाला तर गाडी इथेच उघडतील की ट्रकवर घालून नेतील, हे प्रश्न मी गाड्यांच्या दालनात जाताना कागदावर लिहून नेले होते. बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख २० हजार किलोमीटरची हमी आहे, ती चांगलीच म्हणावी लागेल. पण हमी देणारी कंपनी आठ वर्षे या देशात राहिली पाहिजे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, २०२१ मध्ये फोर्डने उत्पादन आवरते घेण्याची घोषणा केली, आणि त्या दोन्ही कंपन्या चिनी नव्हत्या. भारतीय भागीदार असल्यामुळे कॉमेटच्या बाबतीत ही भीती मला थोडी कमी वाटते, एवढेच.

गाडी चालवून पाहायला मी आईला बरोबर नेले. ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे निकामी झालेले आहेत. कॉमेटची लांबी तीन मीटरला जरा कमी आहे आणि दारे दोनच आहेत. पुढच्या आसनावर ती आरामात बसली, गाडीची उंची तिला आवडली, आणि आवाज येत नसल्यामुळे गाडी सुरू झाली की नाही हे तिने मला दोनदा विचारले. सात रस्ता चौकाच्या गर्दीत ही गाडी अशी वळते की रिक्षावाल्याने मान वळवून पाहावे. मग सौभाग्यवतींना मागे बसायचे होते. पुढचे आसन दुमडण्यासाठी आईला खाली उतरावे लागले, सौभाग्यवती वाकून आत गेल्या, आसन सरळ झाले, आई पुन्हा बसली. उतरताना हीच कवायत उलट क्रमाने झाली. खिशातील टेप काढून मी मागच्या आसनामागची जागा मोजली, तिथे शेंगाचटणीची पिशवी मावेल, पण आईची चाकांची खुर्ची मावणार नाही. मागचे आसन पाडले तर खुर्ची मावते, मात्र मग सौभाग्यवतींनी घरी थांबायचे. चाके बारा इंची आहेत, आणि आमच्या जुळे सोलापुरातील काही गल्ल्यांचे खड्डे पाहता मला जरा मोठी चाके हवी आहेत.

आता हिशेब. आम्ही वर्षाला साधारण ६,००० किलोमीटर फिरतो. जुनी गाडी शहरात लिटरला तेरा किलोमीटर देते, पेट्रोल १०५ रुपये धरले तर वर्षाचा खर्च ४८,००० रुपये होतो. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटची आहे. कंपनी २३० किलोमीटर सांगते, मी एसीसकट १८० धरतो. चार्जिंगमधील गळतीसह १९ युनिट आणि युनिटला बारा रुपये धरले तर किलोमीटरला सव्वा रुपया पडतो, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. इंधनात चाळीस हजार वाचतात. गेल्या वर्षी दुरुस्तीवर २३,६०० गेले, तेही वाचतील असे समजू. नव्या गाडीचा विमा जुन्याच्या चार हजारांवरून वीसच्या घरात जाईल, ते वजा केले तर निव्वळ बचत ४८,००० च्या आसपास येते. रस्त्यावर येईपर्यंत गाडी आठ लाखांना पडते. तेच आठ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर ५६,००० व्याज येते, आणि त्या रकमेची दरवर्षी झीज होत नाही. बॅटरी भाड्याने घेण्याची योजना सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा गाडी ४ लाख ९९ हजारांना आणि वर किलोमीटरला अडीच रुपये असा भाव होता. माझ्यासारख्या कमी फिरणाऱ्याला ती बरी दिसते, पण स्वतःच्या गाडीचे मीटर दर महिन्याला दुसऱ्याने वाचावे, हे माझ्या स्वभावाला पटत नाही. हा तर्क नव्हे, हे मला मान्य आहे.

हाच हिशेब मी माझ्या एका मित्रासाठी मांडला, तेव्हा उत्तर उलटे आले. तो मोहोळला शिकवायला जातो, जाऊन-येऊन साठ किलोमीटरहून थोडे अधिक, वर्षाला तीनशे दिवस. त्याचे इंधनातच लाखभर रुपये वाचतात, गाडीत तो एकटा असतो आणि रात्री स्वतःच्या पडवीत सात तास गाडी चार्जिंगला लावू शकतो. त्याला मी घे म्हणून सांगितले. त्याची अडचण एकच होती, या गाडीला जलद डीसी चार्जिंग नाही, त्यामुळे अडीचशे किलोमीटरवरचे पुणे तिच्या आवाक्याबाहेर आहे. पंढरपूर जाऊन-येऊन होते, तुळजापूर आणि अक्कलकोट तर सहज. पुण्याला तो तसाही रेल्वेनेच जातो.

धुराचे म्हणाल तर तो विजेच्या गाडीच्या मागून न निघता फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या कोळसा प्रकल्पाच्या चिमणीतून निघतो. (२०२३ मध्ये विमानांना अडथळा ठरते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडल्यापासून सोलापुरात हा शब्द जपून वापरावा लागतो.) तरी शहराच्या चौकात आईच्या नाकाशी तो येणार नाही, हा फायदा मी मोजतो.

तेव्हा विचारलेत म्हणून सांगतो : मी कॉमेट घेत नाही, आणि तिच्या चिनी असण्याशी या निर्णयाचा संबंध नाही. चार दारे, जलद चार्जिंग आणि इथेच दुरुस्ती असलेली एखादी चिनी कुळाची गाडी सहा लाखांत आली तर मी रांगेत पहिला असेन. तोवर जुनी गाडी रस्त्यात बसलीच, तर वॅगन आर आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला तेव्हा तिची किंमत पाच लाखांच्या आत सुरू होत होती, तिचे आसन उंच आहे, दारे चार आहेत आणि तिचे सुटे भाग अशोक चौकातल्या कोणत्याही दुकानात मिळतात. वहीत मी एक रेघ ओढून ठेवली आहे, दुरुस्तीचा खर्च एका वर्षात चाळीस हजारांवर गेला की जुनी गाडी काढायची.

सध्या ती मिस्त्रीकडे आहे. मागच्या डाव्या दाराचे हँडल भंगारातल्या एका गाडीचे मिळाले आहे, रंग वेगळा आहे. मंगळवारी गाडी मिळेल, आणि गुरुवारी आईला अक्कलकोटला जायचे आहे.